सांताचा खेळ आणि सांताचं खोटं

नाताळ जवळ आला की गोव्यात, फोंड्यातल्या आम्हा पालकमंडळींत एक वाद हमखास निघतो. एक म्हणतो, मुलांना सांताक्लॉज खरा आहे असं सांगणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. दुसरा म्हणतो, अहो, खेळ आहे तो, एवढं काय मनावर घेता. माझ्या मते दोघांचंही म्हणणं खरं आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. खेळ आणि खोटं बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींत मोठं माणूस नसलेलं असलेलं करून सांगतं, दोन्हींत कापसाची दाढी तीच असते. म्हणून एकाच्या नावावर दुसरं सहज खपून जातं. मूल सात-आठ वर्षांचं झालं की ते स्वतःच विचारायला येतं. त्याआधी आपल्या घरात यांतलं काय चाललंय, हे आईबापांना ठाऊक असायला हवं.

आधी खेळ बघू. 6 जानेवारीला चांदर, कासावली आणि रेईस मागूसला तीन राजांचं फेस्त असतं. बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेल्या राजांची ही आठवण. चांदरला गावचेच मुलगे मुकुट आणि झगे घालून घोड्यावरून चर्चकडे जातात. मुकुटाखालचा मुलगा कोणाचा, हे गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी राजाचा मान राजालाच मिळतो. कोणी कोणाला फसवत नाही आणि सोहळ्याची गोडीही तिळभर कमी होत नाही.

दिवाळीतल्या आपल्या नरकासुराच्या पुतळ्याचंही तसंच. वाड्यावरची मुलंच गवत भरतात, कागद चिकटवतात, रंग लावतात. दुपारभर खळीत हात बुडवून बसलेलं पाच वर्षांचं पोर रात्री त्याच नरकासुराचे डोळे पेटले की बापाच्या पायामागे लपतं. कागद आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि भीतीही खरी वाटत असते. मुलांच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुखानं नांदतात. म्हणूनच ‘खरं कळलं तर मजा जाईल’ ही मोठ्यांची धास्ती मला पटत नाही.

आता दाताचं बघा, कारण तिथे खेळ आणि खोटं अगदी शेजारी शेजारी दिसतात. आपल्याकडे पडलेला दुधाचा दात कौलांवर भिरकावतात किंवा उंदराच्या बिळात टाकतात, आणि उंदराला सांगतात, माझा दात घे, तुझा दात दे. दात मूल स्वतः फेकतं, बोलतंही स्वतःच. उंदराच्या वतीनं कोणी रात्री उठून काही करत नाही. पुढे मोठेपणी ‘उंदीर दात देत नाही’ हे कळल्यामुळे दुखावलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. इंग्रजी गोष्टींतून आलेल्या दातपरीचा मामला निराळा. मूल झोपल्यावर उशीखालून दात काढायचा, नाणं ठेवायचं, आणि सकाळी ‘अगं, परी येऊन गेली!’ म्हणून आश्चर्य दाखवायचं. प्रसंग एकच, दात पडण्याचा. पण उंदराच्या गोष्टीत आपण मुलाबरोबर खेळतो आणि परीच्या गोष्टीत मुलाच्या पाठीमागे काहीतरी उभं करतो. परी आली की लगेच खोटं झालं असं मी म्हणत नाही, पण खोट्याकडे जाणारी वाट तिथूनच फुटते.

ती वाट म्हणजे पुरावा. मुलं भाबडी असतात म्हणून सांतावर विश्वास ठेवतात, असं आपण समजतो. टेक्सासमधल्या मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वेगळंच सांगतो. त्यांनी मुलांना एका अगदी नव्या, कधीही न ऐकलेल्या चेटकिणीची ओळख करून दिली. ती म्हणे हॅलोविनला येते, गोळ्या-चॉकलेटं घेऊन जाते आणि बदल्यात खेळणं ठेवते. काही घरांत पालकांशी ठरवून खरंच रात्री खेळणं ठेवलं गेलं. ज्यांच्याकडे ती ‘येऊन गेली’ त्या मुलांचा तिच्यावर जास्त विश्वास बसला, आणि हा फरक लहानांपेक्षा थोड्या मोठ्या मुलांमध्ये अधिक दिसला. म्हणजे मुलं डोकं चालवतच असतात. मोठी माणसं सांगतात, टीव्ही सांगतो, वर सकाळी भेट हातात असते, मग ‘आहे’ असं ठरवणं हा हुशारीचाच निष्कर्ष झाला. चूक काही असेलच तर आपण पुढे केलेल्या पुराव्यात.

मग वय वाढतं तशी तीच हुशारी उलट्या बाजूनं काम करू लागते. गोष्टीतला सांता धुराड्यातून उतरतो, पण आमच्या कौलारू घरांना धुराडी नाहीत, मग तो आत येतो कुठून? बल्कावातून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, असं म्हणावं तर दाराला आतून कडी असते. एका रात्रीत सगळं जग कसं फिरतो? सोसायटीच्या कार्यक्रमात सांताच्या पायात तळमजल्यावरच्या काकांची चप्पल कशी? माझ्या भाचीनं भेटीवरची चिठ्ठी कितीतरी वेळ निरखली आणि मला विचारलं, “मावशी, सांताचा ‘ख’ आईसारखा मोडका कसा गं?” तिची आई पटकन म्हणाली, “सांता ज्या घरी जातो तिथलंच अक्षर काढतो.”

हे उत्तर गमतीचं वाटतं. पण माझ्या मते नेमकं इथेच खेळ संपला. मुलीनं बारकाईनं पाहिलं होतं, जुळवलं होतं आणि योग्य जागी बोट ठेवलं होतं. तिच्या त्या विचाराला हरवण्यासाठी आईनं नवी थाप रचली. मुलानं विचारलेलंच नसताना सांतासाठी ठेवलेल्या नेवरीचा, म्हणजे करंजीचा, तुकडा मोडून ठेवणं ही सजावट झाली. मूल शंका घेऊन समोर उभं असताना तीच मोडकी नेवरी दाखवून त्याला गप्प करणं हे खोटं. वस्तू बदलत नाही, वाक्यही कदाचित तेच असतं. मुलाची बुद्धी ज्या दिशेनं निघाली आहे तिच्या आड आपण उभे राहतो की नाही, एवढंच बघायचं.

सगळेच प्रश्न सारखे नसतात, हेही खरं. कधी मूल डोळे मिचकावत विचारतं, त्याला शोध लावायची मजा घ्यायची असते. तेव्हा ‘तुला काय वाटतं?’ असं विचारावं आणि त्याला बोलू द्यावं. आणि कधी ते जवळ येऊन म्हणतं, “खरं सांग.” हे शब्द आले की खेळातला गडी खेळाबाहेर येऊन बोलतोय, आणि तेव्हा आपणही बाहेर यायला हवं. 1897 साली न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वर्तमानपत्राला व्हर्जिनिया नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं पत्र लिहिलं होतं: मला खरं सांगा, सांताक्लॉज आहे का? संपादकीयात उत्तर आलं की हो, आहे, जसं प्रेम आणि औदार्य आहे तसा. मजकूर सुंदर आहे, आजवर असंख्य वेळा छापला गेला आहे. पण ‘खरं सांगा’ म्हणणाऱ्या मुलीला सरळ उत्तर मिळालं नाही, ही खंत मला तो वाचताना दर वेळी वाटते.

सरळ सांगितलं तर मूल कोसळेल का? 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अँडरसन आणि प्रेंटिस यांच्या अभ्यासात मुलांना हे साधारण सातव्या वर्षी, बहुतेक वेळा स्वतःहूनच कळलेलं आढळलं. कळल्यावरची त्यांची प्रतिक्रिया बहुतांशी चांगलीच होती, उदास झाले होते ते आईवडील. कँडिस मिल्स आणि सहकाऱ्यांच्या अलीकडच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मुलांनी आणि निम्म्या प्रौढांनी वाईट वाटल्याचं सांगितलं, पण ते बहुधा सौम्य आणि थोड्या काळापुरतं होतं. जास्त लागलं ते कोणाला? ज्यांना उशिरा, अचानक आणि दुसऱ्या कोणाकडून थेट कळलं त्यांना. स्वतः कोडं सोडवलेलं मूल आणि शाळेच्या व्हॅनमध्ये सगळ्यांसमोर हसं झालेलं मूल, दोघांना कळतं एकच, पण अनुभव फार वेगळा असतो. उगाच ताणून धरलेली थाप मुलाला त्या व्हॅनमध्ये नेऊन बसवते.

एका बाबतीत मात्र मी प्रश्नाची वाटसुद्धा बघणार नाही. काही शाळांत सांताच्या हातून द्यायची भेट पालकांकडूनच गुपचूप मागवतात. मग एकाला रिमोटची गाडी मिळते आणि शेजारच्याला पेन्सिलींचं पाकीट. ‘चांगल्या मुलांना सांता चांगली भेट देतो’ हे दोघांनीही ऐकलेलं असतं. पेन्सिलीवाल्यानं यातून काय समजायचं? बापाच्या पगारातला फरक त्याच्या स्वभावाच्या खात्यावर लिहिला जातो, आणि हे लेकराला कोणी सांगतही नाही. सांताचा धाक घालून जेवायला लावणं, गप्प बसवणं हेही याच माळेतलं.

आमच्यासारख्या घरांत यापुढे आणखी एक प्रश्न येतो आणि पालकांची गाळण उडते: सांता नाही, मग चवथीचा गणपती? शेजारच्या ख्रिस्ती घरात हाच प्रश्न गोठ्यातल्या बाळ येशूबद्दल येतो. दोन्हींची गल्लत करू नये. सांता आपण मुलांसाठी उभा करतो. आपल्याला स्वतःला त्याच्याकडून काही येणार नाही हे ठाऊक असतं, आणि ते आपण लपवतो. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची मांडवी, बांधणारी आजी मुलांना दाखवायला ती बांधत नाही. घरात कोणी नसलं तरी ती हात जोडते. श्रद्धेबद्दल जे आपण खरंच मानतो ते मुलाला सांगावं, आणि जिथे घरातल्या मोठ्यांचंच एकमत नाही तिथे तसंही सांगावं. आपण स्वतः मानतो ते सांगणं आणि मानत नाही ते भासवणं, यातला फरक आठ वर्षांच्या मुलाला समजतो.

आणि सांताबद्दल सांगताना नुसतं ‘नाही’ म्हणून थांबायचीही गरज नाही. निकोलस नावाचा बिशप चौथ्या शतकात मायरा इथे होऊन गेला, ती जागा आजच्या तुर्कस्तानात आहे. 6 डिसेंबर हा त्याचा सण. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यानं रात्री गुपचूप सोनं टाकलं अशी कथा आहे. हॉलंडमध्ये त्याचा सिंटरक्लास झाला, त्यावरून अमेरिकेत सांताक्लॉज, आणि 1863 पासून थॉमस नास्ट या चित्रकारानं काढलेल्या चित्रांतून त्याला गोल पोट आणि गुबगुबीत रूप मिळत गेलं. माणूस होता, गोष्ट वाढत गेली, आणि आता भेट आम्ही ठेवतो. मुलाला एवढं पुरतं. बहुतेक मुलं लगेच पुढचं विचारतात: मग यंदा बाळूसाठी मी ठेवू?

ठेवू दे. फक्त तेव्हाच त्याच्याशी एक बोलून घ्यावं. धाकट्याला आपणहून सांगायला जायचं नाही, कारण शोधाची मजा त्यालाही मिळायला हवी. पण धाकट्यानं ‘दादा, खरं सांग’ म्हटलं, तर थाप मारायची नाही, ‘आईला विचार’ म्हणून त्याला आमच्याकडे पाठवायचं.