शाळेतल्या छळाकडे पाहण्याची पन्नास वर्षं

दप्तर लपवणं, नावं ठेवणं, खेळात न घेणं, सगळ्यांनी मिळून एकाशी बोलणं बंद करणं. हे प्रकार शाळेइतकेच जुने आहेत, आणि त्यावरची मोठ्यांची उत्तरंही तितकीच जुनी: ‘मुलं आहेत, चालायचंच’, नाहीतर ‘तूही दोन ठेवून दे’. वसतिगृहाच्या कित्येक शाळांत तर वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना राबवून घेणं हा शिस्तीचाच भाग समजला जाई. या दादागिरीचा कुणी पद्धतशीर अभ्यास करायला घेतला तो १९७० च्या आसपास.

सुरुवात स्वीडनमध्ये झाली. पेटर-पाउल हाइनेमान या डॉक्टरांनी १९६९ मध्ये या विषयावर लेख लिहिला. कळपातले प्राणी एकट्यावर तुटून पडतात, तसं मुलांचं टोळकं एकाला घेरतं, अशी त्यांची मांडणी. मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेउस यांना ती पुरेशी वाटली नाही. सगळा दोष टोळक्यावर टाकला की सतत त्रास देणारी ठरावीक मुलं नजरेतून सुटतात, हा त्यांचा आक्षेप. त्यांचं पुस्तक १९७३ मध्ये आलं. छळ ओळखायच्या ज्या तीन खुणा आज सगळीकडे वापरल्या जातात, त्या त्यांच्या कामातून आल्या: मुद्दाम केलेलं वागणं, ते पुन्हा पुन्हा होणं आणि दोघांच्या ताकदीत फरक असणं. माझ्या मते तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ताकद समान असेल तर ते भांडण. नसेल, तर ‘हात मिळवा आणि मिटवून टाका’ म्हणणं दुबळ्या बाजूवर आणखी एक अन्याय करतं.

तरीही सरकारं हलली नाहीत. ती हलली मुलांचे जीव गेल्यावर. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांचा छळ असावा, अशा बातम्या आल्या. देश हादरला. १९८३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. बर्गन शहरातल्या ४२ शाळांतल्या सुमारे २,५०० मुलांवर ओल्वेउस यांनी तिचा परिणाम तपासला. त्यांचे उपाय दिसायला अगदी साधे होते: नाव न लिहिता भरायची प्रश्नावली, मधल्या सुट्टीत मैदानावर शिक्षकांची खरोखरची देखरेख, वर्गात मुलांसोबत ठरवलेले नियम, दोन्ही बाजूंच्या पालकांशी बोलणं. दोन वर्षांत छळ जवळपास निम्म्यावर आला. त्याच मोहिमेची रोगालांड भागात झालेली पाहणी मात्र एवढी उत्साहवर्धक नव्हती, हे सहसा सांगितलं जात नाही.

जपानमधली १९८६ ची घटना जास्त अस्वस्थ करते. टोकियोतल्या एका शाळेत वर्गमित्रांनी एका मुलाचा जिवंतपणीच ‘अंत्यविधी’ मांडला. शोकसंदेशाच्या कार्डावर वर्गातल्या मुलांच्या सह्या होत्या आणि चार शिक्षकांच्याही. काही महिन्यांनी त्या मुलाने आत्महत्या केली. गंमत म्हणून सही करणारे शिक्षक हा त्या काळच्या शाळांचा खरा चेहरा होता. छळ रोखण्याचा स्वतंत्र कायदा व्हायला मात्र २०१३ उजाडलं, आणि त्याआधीही असेच आणखी काही मृत्यू झाले होते.

इंग्लंडमध्ये १९९१ ते १९९४ या काळात शेफिल्डच्या शाळांत छळ कमी करण्याचा मोठा प्रकल्प झाला. अमेरिकेत १९९९ पासून एकेक राज्य कायदा करत गेलं आणि २०१५ मध्ये मोंटानाने केल्यावर पन्नासही राज्यं झाली. कायद्याने शाळेला तक्रार नोंदवून घेणं भाग पडतं. तक्रार करायचं धाडस मुलाला कुठून येणार, हा प्रश्न मात्र तिथेच राहतो.

त्यावरचा धागा फिनलंडमध्ये सापडला. क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की छळात जवळजवळ अख्खा वर्ग सामील असतो: कुणी मदतनीस, कुणी हसून दाद देणारे, कुणी मान फिरवणारे, थोडे पाठीशी उभे राहणारे. कॅनडात शाळेच्या मैदानांवर कॅमेरे लावून झालेल्या निरीक्षणांतही हेच दिसलं. बहुतेक प्रसंगी आजूबाजूला इतर मुलं होती. त्यांतलं कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. म्हणजे मारणाऱ्याला सुधारण्याआधी त्याचे प्रेक्षक काढून घ्यायचे. तुर्कू विद्यापीठाचा ‘किवा’ कार्यक्रम याच विचारावर उभा राहिला आणि २००९ पासून फिनलंडभर पोचला.

२०११ मध्ये अनेक देशांतल्या अशा कार्यक्रमांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा छळ सरासरी २० ते २३ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. आकडा छोटा नाही, पण बर्गनइतका मोठाही नाही. त्यानंतरच्या अभ्यासांतून एक वेगळीच अडचण पुढे आली: ज्या वर्गांत छळ खूप कमी झाला, तिथे तरीही त्रास सोसत राहिलेल्या मुलाची अवस्था जास्त वाईट होते. पूर्वी त्याच्यासारखे आणखी चारजण असायचे. आता एकटाच उरल्यावर ‘दोष माझ्यातच असणार’ असं त्याला वाटू लागतं. संशोधकांचं लक्ष सध्या या उरलेल्या मुलांकडे वळलं आहे.