बाजूची चिठ्ठी

वादविवाद स्पर्धेत बोलणाऱ्याने आपली बाजू स्वतः निवडायची, की चिठ्ठीत निघेल ती घ्यायची, हा नाशिकच्या कॉलेजांमधला जुना तंटा आहे.

चिठ्ठीवाले न्यायशास्त्राचा दाखला देतात. तिथे चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्य शोधायचं तो वाद, काहीही करून जिंकायचं तो जल्प आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं खोडत बसायचं ती वितंडा. विरोधकाचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आधी नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडता येत नाही. मराठीत मात्र 'वाद' म्हणजे भांडण झालं आणि 'वितंडवाद' म्हणजे नुसती हुज्जत.

दुसऱ्या गटाचा दाखला जवळचा आहे. २ मार्च १९३० रोजी दलितांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या चैत्रात रामाचा रथ सवर्ण आणि दलित दोघांनी मिळून ओढायचा अशी तडजोड ठरली. ती ऐन रथाच्या दिवशी मोडली आणि दगडफेक झाली. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. दोन्ही बाजू समजून घेणारे सज्जन तेव्हाही गावात होतेच. दार काही उघडलं नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही बोलायचो तेव्हा संघ दोघांचा असे, एक अनुकूल, एक प्रतिकूल. कोणी कुठून बोलायचं ते आपसात ठरे. त्यामुळे तापट गडी नेहमी आपल्या मताच्या बाजूने बोले आणि थंड डोक्याच्या जोडीदाराच्या गळ्यात उरलेली बाजू पडे. यावर उपाय म्हणून एका संयोजकांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. विषय आरक्षणाचा होता. मंडलची धग अजून होती. एका मुलीला 'प्रतिकूल' आली. तिने चिठ्ठी वाचली, होती तशी घडी घातली आणि डब्यात परत टाकली. "सर, यात मला दुसरी बाजू नाही." संघ बाद झाला. निम्म्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. परीक्षक घड्याळाकडे बघत राहिले.

मलाही 'प्रतिकूल'च आली होती. मी बोललो, इशाऱ्याच्या घंटेआधी आटपलं आणि बक्षीसही घेतलं. पंचवटी कारंज्यावर चहा पिताना जोडीदाराने विचारलं, "पण तुझं मत काय रे?" मी भजी मागवली.

नियम तेव्हापासून हेलकावे खातोय. चिठ्ठी गेली, परत आली. मधल्या काळात टीव्हीवरच्या चर्चांनी पोरांना जल्पच शिकवला, त्यावर जास्त लिहायला नको. अलीकडे मधला मार्ग निघाला आहे: संवेदनशील विषयावर बाजू स्पर्धकाची, बाकी ठिकाणी चिठ्ठी. संवेदनशील काय, हे संयोजक ठरवणार. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय निघाला, तेव्हा एका कॉलेजात तो 'बाकी'त टाकला गेला. पोरांनी डब्याला हात लावायलाच नकार दिला.