ऊर्जाक्षमता दाखला आणि व्यावसायिक भाडेकरार (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड आणि वेल्समध्ये दुकान, कार्यालय किंवा गोदाम भाड्याने देताना मालकाकडे त्या जागेचा ऊर्जाक्षमता दाखला असावा लागतो. व्यवहारात त्याला ‘ईपीसी’ म्हणतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशातून ही पद्धत आली आणि २००८ पासून व्यावसायिक इमारतींना लागू झाली. दाखल्याची मुदत १० वर्षे असते.

श्रेणी गुणांवर ठरते आणि गुण जितके कमी तितकी इमारत चांगली. २५ पर्यंत ‘ए’, १०१ ते १२५ ‘ई’, १२६ ते १५० ‘एफ’, त्यापुढे ‘जी’. मूल्यमापक जागेची मापे घेतो; भिंती, छत, काचा, बॉयलर, वातानुकूलन आणि दिवे यांची नोंद करून ती संगणकात भरतो. छतात उष्णतारोधक थर घातल्याचा कागद मालकाला दाखवता आला नाही, तर बांधकामाच्या काळावरून अंदाज धरला जातो आणि तो बहुधा मालकाला महागात पडतो. जुने हॅलोजन दिवे काढून एलईडी बसवले, तर तेवढ्यानेही दुकानाची श्रेणी सुधारू शकते. वीजबिल मात्र कुणी पाहत नाही. संध्याकाळी बंद होणारे आणि मध्यरात्रीपर्यंत चालणारे दुकान एकाच तराजूत तोलले जाते, ही या पद्धतीची मोठी उणीव आहे.

दुरुस्तीचा खर्च मालकाने करायचा आणि बिलातली बचत भाडेकरूच्या खिशात जायची, म्हणून वर्षानुवर्षे कुणीच हात घालत नव्हते. हा तिढा सोडवण्यासाठी २०१५ च्या नियमांनी थेट भाड्यालाच हात घातला. १ एप्रिल २०१८ पासून ‘एफ’ व ‘जी’ श्रेणीच्या जागांचे नवे करार आणि जुन्या करारांचे नूतनीकरण बंद झाले. १ एप्रिल २०२३ पासून चालू करारही या बंदीत आले. उल्लंघन तीन महिने किंवा अधिक चालले, तर दंड १० हजार पौंड किंवा मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या २० टक्के, यांपैकी जास्त असेल तो. कमाल दीड लाख पौंड. करार मात्र रद्द होत नाही, भाडेकरूला भाडे द्यावेच लागते.

सुधारणेचा खर्च ऊर्जाबचतीतून ७ वर्षांत वसूल होत नसेल, आवश्यक संमती मिळत नसेल किंवा कामामुळे मालमत्तेची किंमत ५ टक्क्यांहून अधिक घसरणार असेल, तर सूट मिळते. ती सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, साधारणपणे ५ वर्षे टिकते आणि जागा विकल्यावर नव्या मालकाकडे जात नाही. ६ महिन्यांपर्यंतचे आणि ९९ वर्षे वा त्याहून लांब मुदतीचे करार सहसा या बंदीबाहेर आहेत. ब्रिटिश सरकारच्या २०२० च्या ऊर्जाविषयक श्वेतपत्रिकेत २०३० पर्यंत ‘बी’ श्रेणीचे उद्दिष्ट मांडले गेले. त्यामुळे कसाबसा ‘ई’ गाठून थांबणे दूरदर्शीपणाचे नाही.

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींसाठी तारांकन सुरू केले. तिथे प्रति चौरस मीटर प्रत्यक्ष वार्षिक वीजवापर मोजतात आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानासाठी वेगळे निकष आहेत. मापन म्हणून ते अधिक खरे वाटते. पण सहभाग ऐच्छिक असल्याने मालकाचा जागा भाड्याने देण्याचा हक्क ताऱ्यांवर अवलंबून नाही.