पाठ, पोट आणि एक मिलिमीटर

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी गॅरेजचा माळा रिकामा करताना एक लाकडी धनुष्य माझ्या हातात ठेवले. त्यांच्या वडिलांनी ते स्वतः तासून घडवले होते, इथल्या, अमेरिकेतल्या मिझुरीच्या रानात त्या धनुष्याने हरणांची शिकार केली होती, आणि त्यांच्या पश्चात चाळीसएक वर्षे ते दोन खिळ्यांवर आडवे पडून होते. ही हकिकत मी फोनवर सांगितली तेव्हा मामींनी तत्काळ बजावले, की गेलेल्या माणसाचे शस्त्र घरात आणू नये, ते धार्जिणे नसते. त्याच रात्री एका हौशी कारागिराच्या व्हिडिओत उलट आश्वासन मिळाले: जुन्या लाकडाला तेल पाजा, दोरी चढवा, ते पुन्हा जिवंत होते. या दोन सल्ल्यांपैकी मामींचा सल्ला अधिक शहाणपणाचा होता, हे कबूल करावे लागेल. धोका खराच होता. फक्त तो मृताच्या वासनेत नसून धनुष्याच्या पोटात होता.

धनुष्याला पाठ आणि पोट असते. नेमबाजाकडे असलेली आतली बाजू म्हणजे पोट आणि लक्ष्याकडे असलेली बाहेरची बाजू म्हणजे पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. या दोहोंच्या मधोमध एक पातळी अशी असते, की जिथे लाकूड ताणलेही जात नाही आणि दबतही नाही. तिला उदासीन पातळी म्हणतात. तिच्यापासून जितके दूर जावे तितका ताण किंवा दाब वाढत जातो. त्यामुळे धनुष्यात साठणारी बहुतेक ऊर्जा पाठीच्या आणि पोटाच्या अगदी वरच्या थरांत साठते, आणि मधले लाकूड या दोन थरांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचे काम तेवढे करते.

आता थोडे गणित. एखाद्या पट्टीला बाक दिला की तिच्या पृष्ठभागाची लांबी किती टक्के बदलते, हे तिची निम्मी जाडी भागिले बाकाची त्रिज्या या सोप्या भागाकारावरून कळते. धनुष्याची १४ मिलिमीटर जाडीची भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, ७० सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतकी वाकली, तर ७ भागिले ७००, म्हणजे १ टक्का. पाठीवर १० सेंटीमीटर अंतरावर पेन्सिलीच्या दोन रेघा मारल्या, तर दोरी पूर्ण ओढल्यावर त्यांच्यातले अंतर १ मिलिमीटरने वाढेल, आणि पोटावरच्या तशाच दोन रेघा १ मिलिमीटरने जवळ येतील. ऐकायला हे किरकोळ वाटते, परंतु लाकडाच्या दृष्टीने ही जवळजवळ सहनशक्तीची कड आहे. घरातल्या तुळया आणि कड्या आयुष्यभर याच्या आसपासही पोहोचत नाहीत.

या भागाकारात रुंदी कुठेच येत नाही, हे लक्षात घ्यावे. लाकडाला किती सोसावे लागेल हे जाडी ठरवते; भुजा किती ताठ असेल हे मात्र रुंदी आणि जाडीचा घन यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. रुंदी १० टक्क्यांनी घटवली तर ताठपणा १० टक्क्यांनी घटतो. जाडी १४ मिलिमीटरवरून १३ वर आणली, तर ताठपणा २० टक्क्यांनी कोसळतो. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात धनुष्यांना अशीच मोजमापे लावली आणि आयताकृती छेदाची, रुंद व चपटी भुजा जुन्या इंग्रजी पद्धतीच्या जाड, गोलसर भुजेपेक्षा लाकडाला अधिक मानवते, असे दाखवून दिले. हेच हिकमन १९१८ मध्ये रॉबर्ट गॉडार्ड यांच्याबरोबर रॉकेटवर काम करत होते. रॉकेटकडून लाकडी धनुष्याकडे आलेला हा माणूस मला फार आवडतो.

माझ्या हातातले धनुष्य चपट्या भुजांचेच होते आणि ओसेज ऑरेंज नावाच्या झाडाच्या लाकडाचे होते. नावात संत्रे असले तरी हे झाड फणस, वड आणि तुती यांच्या कुळातले आहे. त्याच्या हिरव्या, खडबडीत फळाला चीर दिली तर फणसासारखाच पांढरा चीक येतो, आणि गाभ्याचे लाकूड फणसाच्या लाकडासारखेच पिवळेधमक असते. दोन्ही लाकडांपासून पिवळा रंग काढत असत. हे झाड मूळचे टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा यांच्या सीमाभागातले. ओसेज जमातीचे मूळनिवासी लोक त्याची धनुष्ये करत, म्हणून फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याला ‘ब्वा दार्क’, म्हणजे धनुष्याचे लाकूड, असेच नाव दिले. १८०४ मध्ये मेरिवेदर लुइस या शोधप्रवाशाने सेंट लुइसहून त्याच्या फांद्यांचे तुकडे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पाठवले होते, आणि १८११ च्या प्रवासात जॉन ब्रॅडबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाला मिझुरी नदीकाठी या लाकडाच्या एका धनुष्याची किंमत एक घोडा आणि एक घोंगडी अशी आढळली. पुढे काटेरी तार येईपर्यंत शेतकऱ्यांनी या झाडाची कुंपणे मैलोगणती लावली, म्हणून ते आज मिझुरीतही रस्तोरस्ती दिसते.

एवढे मोल देण्याजोगे या लाकडात काय असते, हे पाहण्यासाठी त्याचा आडवा छेद भिंगाखाली धरावा. प्रत्येक वार्षिक वलयाचे दोन भाग दिसतात: वसंतात वाढलेला मोठ्या छिद्रांचा, ठिसूळ भाग आणि उन्हाळ्यात वाढलेला घट्ट, शिंगासारखा भाग. धनुष्य घडवणारा कारागीर वरचे पांढरे लाकूड काढून टाकतो, गाभ्यातले एक चांगले जाड वलय निवडतो आणि त्याचा घट्ट पृष्ठभाग या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न छेदता धनुष्याची पाठ म्हणून उघडा करतो. वलयाला गाठीपाशी उंचवटा आला तर पाठीलाही तो उंचवटा ठेवावा लागतो. तंतू अखंड राहिले तरच ते ताण सोसतात. एक वलय छेदले गेले, की तिथे तंतूंची टोके उघडी पडतात आणि पुढेमागे तिथूनच ढलपी उठते.

आमच्या धनुष्यावर नेमके तेच झाले होते. पाठीवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवला, तर खालच्या भुजेवर, मुठीपासून वीतभर अंतरावर, त्याचे तंतू अडकले. भिंगातून पाहिल्यावर नखाएवढे एक बेट दिसले: कोणीतरी कधीतरी पॉलिश पेपर जरा जास्त घासला होता, वरचे वलय तेवढ्या जागी संपून खालचे उघडे पडले होते, आणि त्याच्या कडेने दीड इंचाची एक बारीक ढलपी सुटू लागली होती. अशा धनुष्याला तेल पाजून दोरी चढवली असती, तर ती ढलपी माझ्या कपाळाच्या दिशेने आली असती.

पाठीचे दुखणे निदान दिसते. पोटाचे दुखणे लपून राहते, आणि बहुतेक जुनी धनुष्ये त्यानेच खचतात. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पोकळ काड्यांची घट्ट पेंढी, अशी कल्पना करावी. काडी ओढली तर तिच्या भिंतीतले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू ताण घेतात, आणि ते फार चिवट असतात. काडी दोन्ही टोकांनी दाबली, तर मात्र ती मध्येच मुडपते. म्हणूनच तंतूंच्या दिशेने मोजले असता लाकडाची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दुप्पट भरते. धनुष्य मर्यादेपलीकडे वाकवले, की आधी पोटातल्या पेशींच्या भिंतींना सूक्ष्म मुरड पडते. आवाज होत नाही, तडा जात नाही. दोरी उतरवल्यावर धनुष्य पूर्वीइतके सरळ होत नाही, एवढेच. दबलेला थर आपला वाटा उचलेनासा झाला, की उदासीन पातळी पाठीकडे सरकते. भुजेच्या एखाद्या आखूड भागात हे घडले, तर तो भाग आणखी नरम पडतो, नरम पडल्यामुळे अधिक वाकतो, आणि अधिक वाकल्यामुळे अधिक चिरडला जातो. या दुष्टचक्रातून भुजेत एक बिजागरी तयार होते. ती पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्यांच्या रूपाने दिसू लागते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. चिरडलेल्या पेशी कोणत्याही सरसाने पूर्ववत होत नाहीत. तेवढा भाग पटाशीने काढून तिथे नव्या लाकडाचा तुकडा बसवावा लागतो. अशा लाकडाला उलट्या दिशेने वाकवणे तर घातकच, कारण मुरडलेले तंतू ताणाखाली काचेसारखे तुटतात. जुने धनुष्य हाती आले, की ‘बघू या किती वाकते’ म्हणून लोक नेमके हेच करतात.

सुदैवाने आमच्या धनुष्याच्या पोटावर सुरकुत्या नव्हत्या. टोके पोटाच्या बाजूला ६ सेंटीमीटर कायमची झुकली होती, खालची भुजा किंचित पिळवटली होती, आणि ओलावा मोजण्याच्या यंत्राने आकडा दाखवला ५ टक्के. या आकड्याने मला सर्वांत जास्त घाबरवले. पेशीभित्तिकेतल्या सेल्युलोजसारख्या रेणूंच्या लांब साखळ्यांवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी मुरते. कोकणातल्या आषाढात आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते २० टक्क्यांच्या घरात पोहोचते, आणि दारे चौकटीत अडकू लागतात. पाणी जास्त झाले की साखळ्या एकमेकींवरून घसरतात, लाकूड मऊ पडते आणि धनुष्य वाकलेलेच राहते. पाणी फार कमी झाले की लाकूड ताठ होते, परंतु तुटण्यापूर्वी जेवढी ऊर्जा ते पचवू शकते, ती घटते. ८ ते १० टक्के हा मधला पट्टा धनुष्याला मानवतो. म्हणून पहिले तीन आठवडे मी काहीही केले नाही. तळघरात ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांवर ठेवली आणि धनुष्य तिथे आडवे ठेवून दिले. दुरुस्तीतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कंटाळवाणा भाग.

इथेच तेलाचा हिशेब संपवतो. अळशीचे तेल पेशीभित्तिकेत शिरून पाण्याची जागा घेत नाही. ते पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते आणि पाण्याची ये-जा मंदावते. ओसेज ऑरेंजच्या गाभ्यातल्या वाहिन्या तर झाडानेच फुग्यांसारख्या वाढींनी बुजवलेल्या असतात, त्यामुळे तेल आत जायला वाटच नसते. तेलामुळे लाकूड सुरेख दिसते आणि ऋतुबदल त्याला हळूहळू जाणवतो. ‘पोषण’ वगैरे गोष्टी बाटलीवरच्या चिठ्ठीपुरत्याच. शिवाय माळ्यावर वाळून ५ टक्क्यांवर आलेल्या लाकडाला आधीच तेल चोपडले, तर परतू पाहणारे पाणीही अडते.

ढलपीची दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. हे लाकूड जात्याच तेलकट असल्यामुळे ती जागा ॲसिटोनने पुसली, सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा थेंब ढलपीखाली ओढला जाऊ दिला, ती दाबून धरली आणि वरून रेशमी दोऱ्याचे एकाला एक लागून वेढे घेऊन तेही गोंदाने भिजवले. हे वेढे ताण घेत नाहीत. ढलपी सोलून वर उठू पाहते तेव्हा तिला खाली दाबून ठेवणे एवढेच त्यांचे काम, आणि तेवढे पुरते. पिळवटलेल्या भुजेला हीट गनने उष्णता दिली. पेशींना सांधणारे लिग्निन १०० अंश सेल्सिअसच्या वर मऊ होऊ लागते, आणि त्या अवस्थेत शिकंज्यात धरून थंड होऊ दिले, की नवा आकार टिकतो. उष्णतेने पाणी उडालेले असते, त्यामुळे पुन्हा दोन आठवडे तळघर.

मग बाक सारखा करण्याचे काम, ज्याला कारागीर टिलरिंग म्हणतात. धनुष्य मुठीपाशी भिंतीवरच्या आधारावर ठेवायचे, दोरी कप्पीवरून थोडी थोडी खाली ओढायची आणि दूर उभे राहून दोन्ही भुजांकडे पाहायचे. दोरा गुंडाळलेल्या बेटाजवळ खालची भुजा जास्त वाकत होती. तिथे जोर वाढवण्याचा मोह होतो, पण तिथे लाकूड चिकटवता येत नाही. उरलेल्या भुजेला तिच्या वाटणीचे वाकायला लावावे लागते. म्हणजेच जिथे दुखणे आहे ती जागा सोडून बाकी सगळीकडे पोट खरवडायचे. घनाचा नियम इथे छातीवर बसतो: अर्धा मिलिमीटर गेला तर १० टक्के ताठपणा गेला. पोलादी पट्टीच्या कडेने दहा-बारा ओढी घ्यायच्या, कागदासारखे पिवळे पापुद्रे खाली पडू द्यायचे, मग दोरी तीस वेळा अर्धवट ओढायची, कारण दबलेल्या तंतूंना नवी वाटणी अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि मगच पुन्हा पाहायचे. मला यात चार संध्याकाळी गेल्या. जुनी तागाची दोरी कुजली होती. नवी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची, वळली, कारण ती किंचित ताणते आणि बाण सुटल्यावरचा हिसका टोकांच्या खाचांवर कमी येतो.

हे धनुष्य आता २६ इंचांपर्यंत ओढले की ४१ पौंड, म्हणजे साडेअठरा किलो, जोर लागतो, आणि बाण गवताच्या भाऱ्यात मुठीएवढ्या खोलीपर्यंत शिरतो. त्यात साठणारी ऊर्जा ४५ जूलच्या आसपास, आणि त्यातली साधारण ६० टक्के बाणाला मिळते. धनुष्य भिंतीवर टांगल्याने घरात सकारात्मक ऊर्जा येते असे सांगणाऱ्या एका वास्तुतज्ज्ञांना मी हा आकडा कळवला होता. दोरी उतरवलेली असताना तो शून्य असतो, हेही कळवले. मूळ कारागिराने मुठीशेजारी तापल्या सळईने ५२ हा पौंडांतला आकडा डागला आहे. शेजाऱ्यांची इच्छा होती, की त्याच्याखाली मी नवा आकडा तसाच डागावा. मी तो पेन्सिलीने लिहिला आहे, कारण ऑगस्टमधल्या दमट हवेत पुन्हा वजन केले तेव्हा तो ३९ भरला.