शालेय ग्रंथालय : वाचन-उपक्रम व संदर्भसाधने

शाळेतील मुलांसाठी व शिक्षकांसाठी शाळेच्याच आवारात ठेवलेला ग्रंथसंग्रह आणि त्याच्या आधाराने चालणारे वाचनाचे व माहिती शोधण्याचे काम म्हणजे शालेय ग्रंथालय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्र व गोव्यातील शाळांचा विचार केला आहे. मोठ्या माध्यमिक शाळांत त्यासाठी स्वतंत्र खोली व ग्रंथपाल असतो. पटसंख्या कमी असेल तर ग्रंथपाल अर्धवेळ असतो किंवा नसतोच. अनेक प्राथमिक शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट.

स्वातंत्र्योत्तर काळात लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) शालेय ग्रंथालयांची स्थिती स्पष्ट शब्दांत नोंदवली : पुस्तके जुनी, मुलांच्या आवडीशी व वयाशी न जुळणारी, खोली अनाकर्षक आणि कारभार एखाद्या कारकुनाकडे किंवा या कामात रस नसलेल्या शिक्षकाकडे. हे वर्णन आजही कित्येक शाळांना लागू पडते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे परिशिष्टातच नमूद केले. समग्र शिक्षा अभियानातून ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद झाली. म्हणजे पुस्तके पोहोचू लागली. ती मुलांच्या हाती पडतात का, हा प्रश्न मात्र वेगळाच.

पुस्तके मुलांपर्यंत न पोहोचण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दाखल नोंदवही असते. प्रत्येक पुस्तकाला तिच्यात क्रमांक पडतो आणि पुस्तक हरवले किंवा फाटले तर जबाबदारी ज्याच्याकडे ग्रंथालय आहे त्या शिक्षकावर येते. पगारातून वसुली होईल या धास्तीने कपाटाची किल्ली खिशात राहते. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’ असे आहे. त्यांचा जन्मदिन, १२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन म्हणून शाळांतही साजरा होतो. हाताळून जीर्ण झालेले पुस्तक नोंदवहीतून बाद करण्याची रीतसर सोय असते. तिचा वापर निर्धास्तपणे झाला पाहिजे, कारण दहा वर्षांनंतरही कोरे करकरीत राहिलेले पुस्तक हेच ग्रंथालयाचे खरे नुकसान होय.

वाचन-उपक्रमांचा कणा म्हणजे वेळापत्रकातला ग्रंथालयाचा तास. तो गणिताला किंवा राहिलेल्या अभ्यासक्रमाला देऊन टाकण्याची प्रथा सर्वत्र आढळते. जेथे तो पाळला जातो, तेथे सर्वांत फळणारी गोष्ट म्हणजे शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवणे. बाई पुस्तक मुलांकडे तोंड करून धरतात आणि मुखपृष्ठावरच थांबून विचारतात, ‘हा कुठं निघाला असेल रे?’ चारपाच उत्तरे आल्यावरच पान उलटते. गोष्ट ऐन रंगात आली की एखादे मूल सरकत सरकत चित्रापाशी येऊन बसते. तास संपल्यावर त्याच पुस्तकासाठी तिघांचे हात पुढे होतात आणि देवघेव नोंदवहीत त्याची नोंद होते. वाचता न येणारी मुलेही या तासात मागे पडत नाहीत, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे. पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ या संस्थेचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम नाट्यकलावंतांच्या मदतीने आदिवासी भागातील शाळांत पुस्तकातली गोष्ट मुलांपुढे उभी करतो. गोव्यात पणजीची ‘बुकवर्म’ ही संस्था २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयाचे काम करते आणि शाळांमध्ये जाऊन ग्रंथालयाचे तास घेते.

माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिन २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, ग्रंथदिंडी निघते. पालखीत ग्रंथ, पुढे लेझीम, डोक्यावर तुळस घेतलेल्या मुली असा थाट असतो. या दिवसांमुळे गावाचे लक्ष शाळेकडे वळते खरे, पण दिंडीतली पुस्तके दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलपात जाणार असतील तर त्याचा उपयोग थोडाच. त्यापेक्षा वाढदिवसाला चॉकलेटांऐवजी शाळेला पुस्तक देण्याची पद्धत, पुस्तकभिशी (वर्गणी काढून पाळीपाळीने पुस्तके घेणे), वर्गावर्गांत फिरणारी पुस्तकपेटी हे छोटे उपक्रम अधिक टिकतात. पेटीची कल्पना जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास आणून उभारलेल्या ग्रंथालयव्यवस्थेत अशाच पेट्या गावोगाव फिरत. हस्तलिखित अंक हाही इथला मुरलेला प्रकार. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत.

संदर्भसाधनांत शब्दकोश, विश्वकोश, नकाशासंग्रह, जिल्हा गॅझेटिअर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ), मासिकांचे जुने अंक व वर्तमानपत्रांची कात्रणे येतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. कोश हाताळणे मुद्दाम शिकवावे लागते. मुलांना मुळाक्षरे क्रमाने पाठ असतात, पण ‘पंढरपूर’ आधी की ‘पतंग’, अनुस्वाराचे शब्द कुठे, हे त्यांना ठाऊक नसते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही अक्षरे शाळेतल्या तक्त्यावर शेवटी असतात, तर काही कोशांत क आणि ज यांच्या जोडाक्षरांत सापडतात. नोंद न मिळाल्याने मूल कोश मिटून ठेवते ते इथेच. पाचसहा शब्द देऊन गटागटाने ते शोधायला लावले की ही अडचण एकदोन तासांत सुटते.

प्रकल्पाच्या वहीत आंतरजालावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवण्याची सवय सध्या सर्रास दिसते. विषयच गावचा दिला तर ती आपोआप मोडते. गावचा आठवडे बाजार, बुजलेल्या विहिरी, ओढ्याचे पूर यांवर तयार उतारे मिळत नाहीत. मग गॅझेटिअरमधले जुने वर्णन वाचावे लागते, ग्रामपंचायतीची कागदपत्रे मागावी लागतात, आजीआजोबांना विचारून लिहून घ्यावे लागते आणि या तिन्हींत फरक पडला तर कोणते का मानायचे, हेही ठरवावे लागते. १९९३ पासून देशभर भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वयोगटातील मुले स्थानिक प्रश्नांवर अशाच पद्धतीने प्रकल्प करतात.

ग्रंथपाल नसलेल्या शाळांना मोफत डिजिटल साहित्याचा आधार मोठा आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर वाचनपातळीनुसार मराठी गोष्टी मिळतात आणि त्या छापून वर्गात वाटण्यास परवानगी आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानखेळण्यांबरोबर मराठी पुस्तकेही आहेत. यांतले काहीही वापरताना लेखकाचे नाव, पुस्तक वा संकेतस्थळ आणि पाहिल्याची तारीख वहीत लिहिण्याचा शिरस्ता पाचवीपासूनच लावता येतो.