अमेरिकेत कॉलेज गोल्फचा असिस्टंट कोच व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर किंवा चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर हात बसलेली मुलं गोल्फच्या जोरावर अमेरिकेत शिकायला जातात, यात आता फारसं नवल राहिलेलं नाही. खरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वर्षी पडतो. व्यावसायिक दौऱ्यावर टिकण्याइतका खेळ नाही, पण खेळ सोडवतही नाही; मग पुढे काय? त्याचं एक उत्तर म्हणजे कॉलेज संघाचा असिस्टंट कोच. या नोकरीसाठी कुठलीही सामायिक परीक्षा नाही आणि मध्यवर्ती अर्जही नाही. प्रत्येक विद्यापीठ आपली जागा आपण भरतं. त्यात पासपोर्ट भारतीय असेल, तर विद्यापीठाच्या चाळणीनंतर व्हिसाची दुसरी चाळण लागते आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

काम नेमकं काय

असिस्टंट कोच म्हणजे स्विंग शिकवणारा माणूस, हा समज आधी काढून टाका. चांगल्या संघातल्या बहुतेक खेळाडूंचा स्विंगचा गुरू घरचा, लहानपणापासूनचा असतो. असिस्टंटच्या वाट्याला येतं ते बाकीचं सगळं: दौऱ्यांची तिकिटं आणि हॉटेलं, संघाची व्हॅन चालवणं, सरावाचं वेळापत्रक, आकडेवारी, आणि उन्हाळाभर ज्युनिअर स्पर्धा पालथ्या घालून नवे खेळाडू हेरणं. एनसीएए ही अमेरिकी कॉलेज खेळांची मुख्य नियामक संघटना. तिच्या नियमानुसार हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त खेळाचं काम घेता येत नाही. त्या तासांची नोंदवहीसुद्धा बहुधा असिस्टंटच सांभाळतो.

स्पर्धेच्या दिवशी मात्र गंमत असते. संघातले पाच जण खेळतात आणि प्रत्येक फेरीत चांगले चार स्कोअर धरले जातात. व्यावसायिक गोल्फमध्ये फेरी चालू असताना खेळाडूला सल्ला देण्याचा हक्क कॅडीचा. कॉलेज गोल्फमध्ये तो प्रशिक्षकांना मिळतो. त्यामुळे हेड कोच एका अवघड पार-थ्रीवर (तीन फटक्यांत संपवायच्या होलवर) आणि असिस्टंट दुसऱ्यावर उभा, वारा पाहून क्लब सुचवतोय, असं चित्र नेहमी दिसतं.

जागा एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजनमध्ये (एक ही सगळ्यांत वरची), तशाच छोट्या कॉलेजांची संघटना एनएआयए आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची संघटना एनजेसीएए यांच्यातही निघतात. सगळ्यांची नजर डिव्हिजन एकवर असते, पण पहिली नोकरी बहुधा खालच्या पायरीवरच मिळते.

पात्रता

पदवी हवीच. पूर्णवेळ जागेला पदवी किमान अट असते आणि ‘पदव्युत्तरला प्राधान्य’ ही ओळ बहुतेक जाहिरातींत सापडते. विषय खेळ व्यवस्थापनाचा असला तर उत्तम. त्याचं कारण व्हिसाच्या भागात येईल. कॉलेज पातळीवर स्वतः खेळल्याचा अनुभव कागदावर ‘प्राधान्य’ असतो, प्रत्यक्षात अट. व्यावसायिक गोल्फ प्रशिक्षकांची संघटना पीजीए ऑफ अमेरिका हिचं सदस्यत्व सक्तीचं नाही, पण असल्यास वजन पडतं. त्या वाटेवरची खेळाची चाचणी, म्हणजे पीएटी, एका दिवसात ३६ होल खेळून देता येते आणि चांगला कॉलेज खेळाडू ती पार करू शकतो.

प्रथमोपचार, सीपीआर आणि एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) यांचं चालू प्रमाणपत्र लागतं. ते एका दिवसात होतं, तेव्हा अर्जाआधीच करून टाका. डिव्हिजन एकमध्ये खेळाडू भरतीच्या नियमांची एनसीएएची परीक्षा नेमणुकीनंतर देतात, पण ती उत्तीर्ण झाल्याशिवाय कॅम्पसबाहेर भरतीला जाता येत नाही. मुलाखतीत त्या नियमांवर हमखास प्रश्न येतात, म्हणून वाचून जा.

आपल्याकडची तीन वर्षांची बीकॉम किंवा बीए घेऊन जाणाऱ्यांनी आधीच सावध व्हावं. काही विद्यापीठं ती अमेरिकी चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरत नाहीत. अर्जाच्या वेळी वाद घालून काही होत नाही. मूल्यमापनाचा अहवाल काय सांगतो तेच चालतं.

शिरायच्या वाटा

त्याच विद्यापीठात खेळलात, पात्रतेची (म्हणजे संघातून खेळता येण्याची) वर्षं संपली, पण पदवीची एखादी टर्म बाकी आहे, तर पदवी विद्यार्थी सहायक प्रशिक्षक म्हणून काम करता येतं. पगाराची आशा ठेवू नका, पण बायोडेटावर पहिली ओळ लागते. बिनपगारी स्वयंसेवक प्रशिक्षक हा प्रकार डिव्हिजन एकमध्ये जुलै २०२३ पासून बंद झाला, त्यामुळे जुने सल्ले देणाऱ्या सीनिअर्सचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

भारतीय विद्यार्थ्यासाठी सगळ्यांत शहाणपणाची वाट ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे जीएची. तुम्ही मास्टर्सला प्रवेश घेता, संघासोबत काम करता आणि बदल्यात फीमाफी आणि स्टायपेंड मिळतो. कुठे पूर्ण फी माफ होते, कुठे अर्धीच. ऑफरमध्ये नीट वाचा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, त्यामुळे वेगळा वर्क परमिट लागत नाही. अडचण इतकीच की इथे दारं दोन असतात. हेड कोचनं ‘ये’ म्हटलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. ग्रॅज्युएट स्कूलचा अर्ज, त्याची मुदत आणि त्याची गुणांची अट वेगळी. कोच राजी आणि प्रवेशाची तारीख उलटून गेलेली, अशी पंचाईत करून घेऊ नका.

कागदपत्रं

बायोडेटा एक-दोन पानांत बसवा. त्यात स्कोअरची सरासरी एका ओळीत पुरे. दौऱ्याचं बजेट सांभाळलंय का, ट्रॅकमन हे फटक्याची मोजमापं घेणारं यंत्र हाताळता येतं का, किती ज्युनिअर शिबिरं घेतलीत, हे ठळक हवं. त्या त्या विद्यापीठासाठी लिहिलेलं कव्हर लेटर हवं. संघाचं नाव बदलून तेच पत्र पन्नास ठिकाणी पाठवलेलं लगेच ओळखू येतं. संदर्भासाठी तीन व्यक्ती, त्यांत एक तुमचा हेड कोच. त्यांना आधी विचारून ठेवा, कारण फोन थेट त्यांनाच जातो.

भारतीय पदवी असेल तर डब्ल्यूईएससारख्या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्या. त्यासाठी ट्रान्सस्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं आणि तिथे वेळ जातो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी सुरू करा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, वर आईचंही नाव. पासपोर्टवर मांडणी निराळी. नावं जुळत नसतील तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. तिकडे बसून हे उद्योग करणं जिकिरीचं होतं.

आणि अमेरिकी राज्याचा ड्रायव्हिंग लायसन्स. हे वाचून हसू येईल, पण व्हॅन चालवता न येणारा असिस्टंट छोट्या कॉलेजला परवडत नाही. वाहन चालवण्याची मागची नोंदही तपासली जाते, त्यामुळे वेगाचे दंड जपून.

अर्ज कधी आणि कसा

एनसीएएची अंतिम स्पर्धा मे अखेरीला असते. त्यानंतर कोच इकडून तिकडे हलतात आणि जून ते ऑगस्टमध्ये जागांचा पाऊस पडतो. जाहिराती एनसीएएच्या नोकऱ्यांच्या साइटवर, हायरएडजॉब्सवर आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर येतात. अर्ज पोर्टलवरूनच करायचा. हेड कोचला वेगळा छोटा मेल टाकायला हरकत नाही, पण पोर्टलवर अर्ज नसेल तर तुम्ही उमेदवारच नाही. ‘भरेपर्यंत खुली’ असं लिहिलेली जागा पहिल्या दोन आठवड्यांतच ठरते असं धरून चाला. पुरुष गोल्फच्या प्रशिक्षकांची संघटना जीसीएए दर डिसेंबरला लास व्हेगासमध्ये अधिवेशन भरवते. तिथल्या ओळखी जूनमध्ये कामी येतात.

पुढे फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाखत, मग कॅम्पस भेट, मग पार्श्वभूमी तपासणी. पगाराबद्दल भ्रम नको. सगळ्या खेळांतले प्रशिक्षक आणि स्काउट (खेळाडू हेरणारे) धरले तरी अमेरिकेत मध्यम वार्षिक वेतन साधारण ४५ हजार डॉलर आहे, आणि असिस्टंटची सुरुवात बऱ्याचदा त्याहून खाली होते.

व्हिसाचं गणित

शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, १२ महिने काम करता येतं, अट एवढी की काम तुमच्या विषयाशी संबंधित हवं. संगणकशास्त्र शिकून गोल्फ कोच झालात तर हा संबंध दाखवता येत नाही. खेळ व्यवस्थापन हा विषय निवडायचा तो यासाठी. मात्र तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही, त्यामुळे २४ महिन्यांची वाढ मिळत नाही. ओपीटीचा आय-७६५ अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत भरता येतो. ओपीटी सुरू होण्याची तारीख अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या त्या ६० दिवसांत कुठलीही निवडता येते. मेमध्ये पदवी असेल तर ती शक्य तितकी पुढची घ्या. ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकारी चालत नाही, आणि जागा तर जूननंतर भरतात.

त्यानंतर एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना लॉटरी लागू नाही, ही मोठी सवलत. पण पदासाठी विशिष्ट विषयातली पदवी लागते हे विद्यापीठाला सिद्ध करावं लागतं. जाहिरातीत नुसतं ‘कोणतीही पदवी’ असेल तर प्रकरण तिथेच कच्चं पडतं. ‘खेळ व्यवस्थापन किंवा संबंधित विषय’ असेल तर आशा असते. त्या भागातल्या प्रचलित वेतनाहून कमी पगार देता येत नाही, ही दुसरी अट छोट्या कॉलेजांना जड जाते. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनं अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठी नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचा भार टाकला, तो मात्र तिथेच राहून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना लागू होत नाही. असिस्टंट गोल्फ कोचसाठी एवढी रक्कम कोण भरणार? म्हणून पुण्यात बसून थेट पूर्णवेळ जागेला अर्ज करत राहण्यात मला अर्थ दिसत नाही. जीए, मग ओपीटी, मग तिथूनच एच-१बी, हा क्रम धरा.

ओपीटीवर नोकरी लागली किंवा बदलली, की १० दिवसांच्या आत ती नोंदवा. त्या नोंदीत काम आणि विषय यांचा संबंध दोन-तीन वाक्यांत लिहावा लागतो. ती वाक्यं ऑफर लेटरमधल्या पदनामाशी जुळणारी ठेवा.