टू-स्ट्रोकवर कानस चालवण्यामागचा इतिहास

जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल ताब्यात आली की बहुतेक जण आधी सायलेन्सर बदलतात, मग कार्ब्युरेटर आणि शेवटी सिलिंडर खोलून पोर्टला, म्हणजे त्याच्या भिंतीतल्या खिडक्यांना, हात घालतात. टाकीचा रंग, सीट, हँडल हे सगळं होतंच, पण या गाड्यांच्या शौकिनांचं लक्ष फिरून फिरून इंजिनातच जातं. त्याचं कारण इंजिनाच्या रचनेत आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण कधी आत येणार आणि धूर कधी बाहेर जाणार हे कॅमशाफ्ट ठरवतो. टू-स्ट्रोकमध्ये ते सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टच्या उंचीवर ठरतं. पिस्टन वर-खाली होताना पोर्ट उघडतो आणि झाकतो. कॅम, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन असलं काही नसतंच. ५४ मिमी स्ट्रोकचं इंजिन घेऊ, यामाहा आरडी ३५० चा स्ट्रोक तेवढाच आहे. त्याच्या एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या पोर्टची, वरची कड फक्त १ मिमी घासली तरी ते पोर्ट दर फेरीला साधारण ४ अंश जास्त उघडं राहतं. वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) गाडी जोर धरते, खालचा ओढा मात्र कमी होतो. कॅम बदलायला कारखान्यातून नवा कॅम आणावा लागतो. इथे एक कानस आणि अंश मोजायची चकती पुरते. शंभराहून जास्त वर्षं माणसं या इंजिनावर प्रयोग करत आली, त्याचं मूळ या सोपेपणात आहे. धोकाही त्यातच आहे, कारण एकदा घासलेलं पोर्ट पूर्ववत होत नाही.

स्कॉटिश अभियंता ड्युगाल्ड क्लर्क याने १८८१ साली टू-स्ट्रोक इंजिनाचं पेटंट घेतलं, पण त्यात मिश्रण ढकलायला वेगळा सिलिंडर लागत होता. मोटरसायकलला उपयोगी पडलं ते इंग्लंडच्या बाथ शहरातल्या जोसेफ डे याचं इंजिन. पिस्टनखालचा क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो बंद कप्पाच, त्याने पंपासारखा वापरला. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये मिश्रण खेचलं जातं, खाली आला की तेच दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये शिरतं. डेचं पेटंट १८९१ चं. पुढच्याच वर्षी त्याच्याकडे काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉकने इनलेटचा व्हॉल्व्हही काढून टाकला आणि ते काम पिस्टनच्या खालच्या कडेवर सोपवलं. जुन्या टू-स्ट्रोकचा सिलिंडर उपसून पाहिला की आजही जी तीन प्रकारची पोर्ट (मिश्रण आत घेणारं इनलेट, ते वर सिलिंडरमध्ये नेणारं ट्रान्सफर आणि धुराचं एक्झॉस्ट) दिसतात, ती या जोडीची देणगी.

शर्यतीत टू-स्ट्रोकचं नाव पहिल्यांदा गाजवलं ते यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने. त्याच्या पाण्याने थंड होणाऱ्या जोड-सिलिंडर गाड्यांनी १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षं आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी ही शर्यत जिंकली.

खरा पाया घातला गेला जर्मनीत. तोपर्यंत पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असे. आत येणारं ताजं मिश्रण समोरच्या एक्झॉस्टमधून थेट निसटू नये म्हणून ते वर वळवण्याचं काम तो करी. त्याने पिस्टन जड होई आणि तापेही फार. आडोल्फ श्न्युर्ले याने १९२५ मध्ये दोन ट्रान्सफर पोर्ट अशा कोनात वळवली की मिश्रण मागच्या भिंतीवर आपटून वर चढतं आणि वळसा घेऊन एक्झॉस्टकडे येतं. उंचवट्याची गरज संपली, पिस्टन सपाट आणि हलका झाला. सॅक्सनीतल्या चोपाऊ गावच्या डीकेडब्ल्यू कंपनीने पेट्रोल इंजिनासाठी याचे हक्क घेतले आणि १९३० च्या दशकात ही पद्धत मोटरसायकलवर आणली. तिची आरटी १२५ ही छोटी गाडी तर महायुद्धानंतर जगभर पसरली. जर्मनीचे हक्क गेल्यावर ब्रिटनची बीएसए बँटम, अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसन १२५, सोव्हिएत गाड्या आणि १९५५ ची यामाहाची पहिली मोटरसायकल वायए-१ या सगळ्यांनी तिचाच नमुना उचलला.

चोपाऊचा कारखाना युद्धानंतर पूर्व जर्मनीत गेला आणि पुढे एमझेड या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५३ पासून तिथल्या रेसिंग विभागाची सूत्रं वाल्टर काडेन या अभियंत्याकडे होती. पैसा थोडा, चांगलं साहित्य मिळायची मारामार, पण या माणसाने टू-स्ट्रोकचा कायापालट केला. फुगीर पोटाच्या एक्झॉस्टची कल्पना त्याच्या आधीही आजमावली गेली होती, मिश्रणाची वाट उघडझाप करणारी फिरती चकती, म्हणजे रोटरी डिस्क व्हॉल्व्हही दुसऱ्याने आणून दिला होता. काडेनने या सुट्या गोष्टींचा मेळ बसवला आणि एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लाटा ऑसिलोस्कोपवर पाहून त्यांचा नीट अभ्यास केला. माझ्या मते या सबंध इतिहासात सगळ्यात मोठं काम त्याचंच.

त्याचा गाभा समजला की या फुगीर एक्झॉस्टचा, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरचा, आकार असा का, हे लगेच उमगतं. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची लाट पाइपमधून धावते. पाइप रुंदावू लागला की उलट, ओढणारी लाट मागे येते आणि सिलिंडरमधला धूर उपसते. या ओढीत थोडं ताजं मिश्रणही बाहेर पडतं. मग शेवटच्या निमुळत्या शंकूवर आपटून ढकलणारी लाट परतते आणि पोर्ट झाकायच्या ऐन क्षणी ते मिश्रण पुन्हा आत कोंबते. ढोबळ हिशेब करून पाहू. १०,००० आरपीएमला एक फेरी ६ मिलिसेकंदात होते आणि एक्झॉस्ट साधारण अर्धी फेरी, म्हणजे ३ मिलिसेकंद उघडं असतं. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात दीड मीटर. जाऊन यायचं असल्याने शंकू पाऊण मीटरच्या आसपास हवा. ८,००० आरपीएमवर जोर हवा असेल तर हेच अंतर ९० सेंटीमीटरच्या पुढे जातं. प्रत्यक्षातली गणितं याहून बारीक असतात, पण एका इंजिनाचा चेंबर दुसऱ्याला जसाच्या तसा का बसवू नये हे यावरून कळतं.

१९६१ मध्ये काडेनच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. सुपरचार्जर (हवा दाबून भरणारा पंप) न लावता एवढी मजल तोवर कुणीच मारली नव्हती. त्याच वर्षी त्याचा मुख्य रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या ग्रांप्रीनंतर पश्चिमेत पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर तो जगज्जेता झाला. टू-स्ट्रोकचं हे पहिलं जागतिक विजेतेपद. जपानमधल्या सुझुकाच्या सर्किटवरच्या एका वळणाला आजही त्याचं नाव आहे. काडेन मात्र चोपाऊतच राहिला. त्याच्या ज्ञानावर दुसऱ्यांनी साम्राज्यं उभी केली, याची खंत हा इतिहास वाचताना दर वेळी वाटते.

पुढची १५ वर्षं जपानची. १९६४ मध्ये फिल रीडने यामाहावर २५० सीसीचं विजेतेपद मिळवलं आणि १९७५ मध्ये जाकोमो आगोस्तिनीने यामाहाच्याच टू-स्ट्रोकवर ५०० सीसीचं. शर्यतीतलं तंत्र दुकानातल्या गाडीत उतरायला फारसा वेळ लागत नव्हता. कावासाकीची तीन सिलिंडरची एच१ साठ अश्वशक्ती घेऊन आली. सोबत ठिणगीसाठी पॉइंटच्या जागी सीडीआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन होतं, कारण काळे पडलेले प्लग हे टू-स्ट्रोकचं जुनंच दुखणं. १९७३ ची आरडी ३५० रीड व्हॉल्व्ह घेऊन आली. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधल्या पातळ पाकळ्या मिश्रण आत सोडतात, परत उलटू देत नाहीत, त्यामुळे खालच्या आरपीएमलाही गाडी ओढते.

घरच्या घरी फेरफार करण्याला कारखान्यांनीच पाठबळ दिलं, हे फारसं सांगितलं जात नाही. यामाहाने १९६८ मध्ये डीटी-१ ही २५० सीसीची गाडी आणली, तेव्हा तिच्यासाठी जीवायटी नावाचा संचही विकायला ठेवला. त्यात वेगळा सिलिंडर, हेड, पिस्टन रिंग, मोठा कार्ब्युरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर होता. आठवडाभर रस्त्यावर चालवायची गाडी रविवारी शर्यतीला न्यायची, ही गोष्ट त्यातून सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

मग प्रदूषणाचे नियम आले. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट काही क्षण एकाच वेळी उघडी असतात, तेव्हा न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं. शिवाय ऑइलही जळतं. अमेरिकेत १९७८ च्या मॉडेलपासून मोटरसायकलच्या धुरावर मर्यादा आल्या आणि मोठ्या टू-स्ट्रोक तिथून एकेक करून गेल्या. एक्झॉस्ट पोर्टची उंची चालत्या गाडीत बदलणारा पॉवर व्हॉल्व्ह यामाहाने आणला, १९८० च्या दशकात पाण्याने थंड होणाऱ्या देखण्या गाड्याही आल्या, पण उतरण थांबली नाही. २००२ मध्ये मोटोजीपी या जागतिक शर्यतमालिकेत ९९० सीसी फोर-स्ट्रोकना प्रवेश मिळाला आणि वरच्या वर्गातली सद्दीही संपली.

या गाड्या चालवायची रीतसुद्धा त्याच रचनेतून घडली. पॉवर बँडच्या, म्हणजे गाडी जोर धरते त्या आरपीएमच्या पट्ट्याच्या, खाली एक्झॉस्टची लाट चुकीच्या वेळी परतते, म्हणून इंजिन मंद वाटतं. गिअर खाली टाकून आरपीएम वर ठेवावाच लागतो. एकमेकांच्या जवळचे रेशो असलेले सहा गिअर याचसाठी. इंजिन ब्रेकिंग जेमतेमच मिळतं, त्यामुळे ब्रेकवर भार जास्त येतो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असेल तर लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिन फिरवत राहणं घातक, कारण पेट्रोल थांबलं की वंगणही थांबतं. साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींना फ्रीव्हील (उतारावर चाकांपासून इंजिन सुटं करणारी सोय) दिलं ते यासाठीच. मोटरसायकलवर मधूनमधून क्लच दाबून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, आणि क्लचवर दोन बोटं सतत ठेवायची सवय चांगली. यामाहाने १९६४ मध्ये ऑटोलूब पंप आणला. तो इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि अ‍ॅक्सिलरेटरप्रमाणे ऑइल सोडतो. त्याने ही काळजी पुष्कळ कमी झाली. जुन्या गाडीचा असा पंप काढून टाकायची टूम मला पटत नाही. पंप दुरुस्त होण्याजोगा असेल तर तो दुरुस्त करून ठेवावा.

फेरफाराचा क्रमही इतिहासच सुचवतो. चेंबर बदलला की मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग) बदलायलाच हवा, नाहीतर मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि इंजिन सीझ होतं (अडकून बसतं). पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी ओढायची, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून त्याचा रंग बघायचा, ही जुनी तपासणी अजून खात्रीची आहे. पोर्टवर कानस चालवायचीच असेल तर दुसरा सिलिंडर मिळवून त्यावर चालवावी आणि मूळ सिलिंडर ऑइल लावून बाजूला ठेवावा; या इंजिनांचे मूळ भाग आता पुन्हा बनणार नाहीत.

आणि या सगळ्याच्या आधी क्रँकची सील (हवा रोखणारी रबरी कडी) बदलावीत. डेच्या इंजिनात क्रँककेस हाच पंप असल्यामुळे वाळलेल्या सीलमधून हवा शिरली की कितीही नेमका जेट घातला तरी मिश्रण पातळच राहतं. इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ६ पीएसआय दाबाची हवा भरायची आणि काही मिनिटं दाबमापकाकडे लक्ष ठेवायचं. काटा घसरला तर साबणाचं पाणी लावून गळती कुठे आहे ते शोधायचं, ती बंद करायची आणि मगच नव्या चेंबरचा विचार करायचा.